मुखत्यार आणि त्यांची सरकारी लेक

बाप निवडून घेता येत नाही. पण मुखत्यारांच्या लेकीला तशी सोय असती, तर थोडी घासाघीस करून तिने हाच घेतला असता.

मुखत्यार हे टोपणनाव. "ज्याचा तो मुखत्यार" हे वाक्य सदा त्यांच्या तोंडी. सरकार जितकं कमी तितकं बरं, हे ठाम मत, आणि धंदा खिडक्यांना लोखंडी जाळ्या करून देण्याचा. "स्वातंत्र्याची एवढी हौस, मग लोकांना गजाआड का करता?" असं कुणी डिवचलं, तर शांतपणे म्हणत, "कडी आतून आहे ना? मग झालं."

घरात हुकूम सोडायला बंदी. "इच्छा असेल तर कचरा टाकून या," आई म्हणायची, आणि मुखत्यार इच्छेची वाट बघत खुर्चीत बसून राहायचे. हातात विज्ञानकथा. परग्रहावर माणसं उतरली की यांचा चेहरा खुलायचा. त्या माणसांनी तिथे समिती नेमली की पुस्तक बंद. "एवढ्या लांब जाऊन शेवटी हेच?"

बापलेकीचं खरं गूळपीठ वर्कशॉपमध्ये. जाळीचा नमुना मुखत्यार आधी जमिनीवर खडूने पूर्ण मापात काढत आणि त्यावर ठेवून गज वाकवत. चौकोनातून तारा निघे, ताऱ्यांमधल्या फटीतून भलताच आकार डोकावे. माप घ्यायच्या दोरीचं दुसरं टोक लेकीच्या हातात. हिशेबाची गोडी तिला तिथेच लागली, आणि तिथेच घात झाला. त्या गोडीपायी तिला नोकरी लागली ती करखात्यात.

"मला काय सांगतेस? त्यांना सांग," म्हणून आई पदरात हसली. लेकीला हसू येईना. नोकरी हवीच होती. बापाचं मन मोडून नको होती.

मुखत्यार खाली बसून खडूने तारा काढत होते, तेव्हा तिने सांगून टाकलं. खडू चालतच राहिला. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, एक टोक कमी पडलंय."

आठ टोकांच्या ताऱ्याला सातच. अशी चूक त्यांच्या हातून जन्मात झाली नव्हती. त्यांनी फडकं घेऊन सगळं पुसलं.

"करखातंच सापडलं? टपालखातं भरलं होतं का?"

"इच्छा झाली," लेक म्हणाली.

घरचाच कायदा अंगावर आला. मुखत्यार जरा वेळ हातावरचा खडू झटकत बसले.

"हे बघ, लोकांवर सरकार नसावं हे माझं मत. पण तुझ्यावर मीच सरकार होऊन बसलो, तर त्या मताला विचारतो कोण? जा तू. फक्त माझ्याकडे वसुलीला आलीस तर चहा मिळायचा नाही."

"मिळेल," दारातून आई म्हणाली. "चहा मी करते."

पहिल्या दिवशी ते स्वतः तिला स्कूटरवरून सोडायला गेले. फाटकाच्या वीतभर अलीकडे स्कूटर थांबली. त्यापुढे जाणं तत्त्वात बसत नव्हतं.

"डबा घेतलास?"

"घेतला."

"वरिष्ठ ओरडले तर ऐकून घेऊ नकोस. बरोबर असतील तर ऐक."

फाटकातून आत शिरल्यावर तिने वळून पाहिलं. आयुष्यभर ज्या दारावर तोंडसुख घेतलं, त्याच दाराशी ते उभे होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्या अनोळखी कारकुनांना मान लववून नमस्कार करत होते. आजपासून लेक त्यांच्यात बसणार होती ना.