दोन मासे आणि माझं गप्प राहणं

माझी नोकरी पाणी तपासायची. महाळुंग्याच्या एका कंपनीत सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे. तिथल्या प्रयोगशाळेत मी रोज नमुने घेते, त्यात रसायनाचे थेंब टाकते, रंग बघते आणि रजिस्टरमध्ये लिहिते. आकडा बसला नाही तर पाणी पुढे सोडायचं नाही, एवढं साधं काम. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते मला कळत नव्हतं म्हणून झालं, असं कुणाला वाटू नये.

आम्ही निघोज्यात राहतो. नवरा, मी आणि सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात, मीही. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या. आबांनी अर्धं आयुष्य शेती केली, मग जमीन कारखान्यात गेली आणि त्याच बाजूच्या एका गेटवर त्यांनी दहा-बारा वर्षं वॉचमनची नोकरी केली. आता घरीच असतात. सकाळी माझी बस लवकर, म्हणून पहिला चहा आबा करायचे. माझं माहेर लातूरकडचं, तिथे मी कधी पुरुषमाणसाच्या हातचा चहा प्यायले नव्हते. आबांचा चहा गोड असायचा, पण नेमका गोड. साखर ते चमच्याने घेत नसत, चिमटीने टाकत.

खाऱ्या पाण्यातल्या माशांचं वेड मला मोबाईलवर लागलं. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी ते व्हिडिओ बघायची. निळसर उजेड, दगडांवर डोलणारं काहीतरी आणि त्यातून फिरणारे नारिंगी मासे. दिवसभर काळं, फेसाळ पाणी बघणाऱ्या बाईला ते बघून काय वाटत असेल ते मी नीट सांगू शकत नाही. एकदा नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "मोठ्या लोकांचे नाद आहेत राव हे." मग जरा थांबून म्हणाला, "पण छोटा करता येतो का बघ."

दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीत एक माणूस त्याचा टँक मोडीत काढत होता. साठ लिटरचा. पंप, हीटर आणि बादलीभर दगड त्यासोबत मिळणार होते. त्याने दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आणि मला दोनदा बजावलं, "ताई, हे दगड जिवंत आहेत. ओले ठेवा. आणि पाणी भरलं की महिना-दीड महिना नुसतं फिरू द्या. मासा आणायची घाई करू नका." मी मान डोलावली. मनात म्हटलं, हा मला पाण्याचं शिकवतोय.

टँक गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतला आणि नवऱ्याने भोसरी, मोशी करत बाईक हळूहळू आणली. प्रत्येक स्पीडब्रेकरला तो पाय टेकवून बाईक उतरवायचा. दगड मागाहून, दुसऱ्या खेपेला आणायचे ठरले. ते येईपर्यंत दोन दिवस गेले आणि घरात आल्यावर त्यांना असा वास येत होता की मी सरळ मोरीत नेले आणि नळाखाली ब्रशने घासून घासून पांढरे केले. जिवंत आहेत म्हणजे काय, हे मला पुस्तकी कळत होतं. दगडावरचे सूक्ष्म जीवच माशांची घाण पचवतात. पण घरात वास नको, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

बाकी सगळं जमेल तसं जमवलं. पाणी गावातल्या पाण्याच्या एटीएमवरून जारने आणलं. महाग पडलं ते मीठ. समुद्राचं पाणी बनवायचं मीठ वेगळं असतं. आबांनी ती पिशवी हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या पैशाचं मीठ? आपल्या बरणीतलं टाक की. मीठ ते मीठ." मी हसून नाही म्हटलं. पाणी तपासायचा किट मात्र घेतला नाही. कंपनीतली प्रयोगशाळा होती ना. जेवणाच्या सुट्टीत आपल्या बाटलीतला नमुना तपासून घेता येत होता.

टँक सुरू झाला आणि आबांची खुर्ची त्याच्यासमोर आली. आत नुसतं पाणी आणि दगड, तरी ते बघत बसायचे. एकदा म्हणाले, "अलिबागला गेलतो एकदा, ट्रकात बसून. समिंदर बघितला तवा ह्यो असाच आवाज व्हता, पर लई मोठा." पंपाच्या आवाजाला समुद्राचा आवाज म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

नणंद चिखलीला राहते. तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, मिठाच्या पाण्यातले मासे? आपल्या घरात? बघू की जत्रेला आल्यावर, जिवंत असले तर." ती सहज बोलली असेल. मला ते लागलं. जत्रेला तीन आठवडे होते.

जत्रेच्या आठवड्यात मंगळवारी मी नमुना तपासला. अमोनिया, म्हणजे घाण कुजून होणारं माशांचं विष, नसेल तर त्या चाचणीत पाणी पिवळं राहतं. माझं हिरवं झालं. गर्द हिरवं. मी पुन्हा करून बघितलं. तेच. दगड मी घासून मारले होते, त्यांच्यावरचं उरलंसुरलं कुजत होतं आणि ते पचवणारं काहीच उरलेलं नव्हतं. कंपनीचं पाणी असतं तर मी झडप बंद करून साहेबांना फोन केला असता. इथे मी नळी धुतली, बाटली पिशवीत टाकली आणि गुरुवारच्या सुट्टीला चिंचवडहून क्लाऊन माशांची, त्या व्हिडिओतल्या नारिंगी माशांची, जोडी घेऊन आले. म्हटलं, थोडं पाणी बदलू, चार दिवस निभेल. चार दिवसच तर निभवायचं होतं.

शनिवारी जत्रेला नणंद आली, तिची मुलं काचेला नाक लावून बसली. ती स्वतःही म्हणाली, "छान गं." मला हवं होतं ते मिळालं. मासे दाणे खात होते. दाणे टाकायचं काम आबांनी मागून घेतलं होतं. मी त्यांना दाखवलं होतं, एवढेच, अंगठा आणि बोटाच्या मधे मावतील एवढे. साखरेसारखे ते बरोबर चिमटीने टाकायचे.

रविवारी सकाळी एक मासा तळाशी आडवा होता. दुसरा वर पाण्याच्या तोंडाशी येऊन भराभरा कल्ले हलवत होता, धाप लागल्यासारखा. दुपारपर्यंत तोही गेला. आम्ही तिघं टँकसमोर उभे होतो. नवऱ्याने विचारलं, "आबा, काल दाणे जास्त पडले का?"

आबा म्हणाले, "व्हय. पोरांनी लई हट्ट केला, म्हनून एक चिमूट जास्तीची टाकली व्हती."

"मग तेच झालं," नवरा म्हणाला. "पाणी तर हिचं बरोबरच असणार. ही रोज तेच करते."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य. पाणी मंगळवारीच खराब होतं, आबा, तुमचा काही संबंध नाही. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण घरात शिकलेली मी एकटी. पाण्याचं काही विचारायचं तर मला विचारायचे, विहिरीचं, बोअरचं, शेजाऱ्यांच्या टाकीचं. मी जाळीने मासे काढले आणि म्हणाले, "होतं असं कधी कधी."

आबांना ते समजावणीसारखं वाटलं. म्हणजे चूक त्यांचीच, आणि सून मोठ्या मनाने सोडून देतेय.

पहिल्यांदा खुर्ची हलली. ती परत दाराजवळ गेली. मग एका सकाळी मी आवरून बाहेर आले तर ओट्यावर पातेलं कोरडं होतं. मला वाटलं आबांना बरं नाही. ते म्हणाले, "तूच कर चहा. साखर जास्ती-कमी व्हईल. माझ्या हाताला आता अंदाज राह्यला न्हाई." गल्लीत येणाऱ्या गाईला ते रोज भाकरी घालायचे, तीही मला आणून द्यायला लागले. आपल्या रोजच्या गोळ्यांची पाकिटं नवऱ्याकडे दिली, "तू काढून देत जा." दोन माशांनी त्यांच्या मनात हे सगळं घातलं होतं आणि माशांचं खरं कारण मला माहीत होतं. मी रोज चहा करायची आणि ते मुकाट्याने प्यायचे. एकदाही म्हणाले नाहीत की साखर जास्त झाली.

मी काय केलं? टँक सुधारला. दापोडीच्या त्या माणसाला फोन केला, त्याच्या ओळखीने ओले दगड पाण्याच्या बादलीतूनच आणले, दर आठवड्याला नमुना तपासला, पिवळा रंग आला तरी आणखी थांबले. पावसाळ्याच्या तोंडाला एकच मासा आणला. तो जगला. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा. आबा मागून निघून जायचे. एकदा मी डबी पुढे करून म्हटलं, "आबा, घाला ना दाणे." ते म्हणाले, "नको पोरी. ह्यो तरी जगू दे."

ते ऐकूनही मी सांगितलं नाही. आणखी महिना गेला. ही गोष्ट लिहिताना मला माशांपेक्षा त्या महिन्याची लाज वाटते.

शेवटी एका गुरुवारी दुपारी सांगितलं. आम्ही दोघंच घरी होतो, मी घेवडा मोडत होते आणि ते पाटावर बसून शिरा काढून देत होते. मी वर न बघता सगळं सांगितलं. दगड धुतले ते, हिरवा रंग, नणंदेसाठी केलेली घाई. म्हटलं, "तुमच्या त्या एका चिमटीने काहीच झालं नव्हतं, आबा. तुम्ही काहीच टाकलं नसतं तरी ते मेले असते."

ते शेंगा मोडत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"तुला तवाच ठावं व्हतं?"

"हो."

"मग इतकं महिनं मला म्हातारा का करून ठेवलंस?"

मी माफी मागितली. ते "बरं" म्हणाले आणि उठून बाहेर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा म्हणाले, "त्याला बी तूच सांग." मी नवऱ्याला सांगितलं. तो माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, पण तो ओरडला नाही, कारण ती चूक आबांच्या पदरात पहिल्यांदा त्यानेच टाकली होती. जेवताना तो खाली मान घालून म्हणाला, "आबा, मी पण उगाच बोललो." आबा म्हणाले, "भाकरी घे."

सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. गोळ्या ते आता स्वतः काढतात, पण दोनदा मोजतात. टँकसमोर बसत नाहीत. मासा आता दोन वर्षांचा होईल, त्याच्याकडे ते जाता-येता बघतात, एवढंच.

एक मात्र झालं. ते सगळ्यांना सांगतात. नणंदेचा फोन आला की आधी माशांचाच विषय काढतात. गेल्या जत्रेला पाहुण्यांनी टँक बघितला, कुणीतरी जुन्या माशांचं काढलं. आबा पानाला चुना लावत होते. मोठ्याने म्हणाले, "ते मासं माझ्या हातनं न्हाई मेलं बरं का." पाहुण्यांनी विचारलं, मग कशाने मेले? आबा पानाची घडी घालत राहिले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, कधीच घेत नाहीत.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. म्हटलं, "माझ्यामुळे मेले." आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागले.