पाइपावरचा ठोका

गोखिवऱ्यातल्या आमच्या शर्टांच्या कारखान्यात तो खाली लाकडांवरचा बॉयलर पेटवायचा. वाफ तयार झाली की पान्याने पाइपावर दोनदा ठोकायचा. वरचे इस्त्रीवाले उत्तरादाखल ठोकायचे, मगच तो चहा घ्यायचा. "त्याबिगर गोड लागत नाय," म्हणायचा.

परदेशी गिऱ्हाइकाला धूर नको होता. विजेचा बॉयलर आला आणि याला राखणीला फाटकावर बसवलं. तरी रोज सकाळी तो आत जाऊन पाइपावर ठोकायचा. तोवर इस्त्रीवाल्यांनी बटण दाबून काम सुरू केलेलं असायचं.

मी वर शर्ट तपासायला बसायचो. एकदा फाटकाशी त्याने मला विचारलं, "वर ऐकू येतं ना?"

"येतं."

"मग कोनी ठोकत का नाय?"

त्याच्या हातातल्या चहावर साय धरली होती.