काकडीवरची पावडर

"शिवलीस तिला! मेले, शिवलीस!"

नौपाड्यातल्या एका घराच्या मागच्या दारी भाजीची पाटी उतरवून मी उभी होते. माझ्या मुठीत त्या घरातल्या चार वर्षांच्या नातीचं मनगट होतं. तिच्या हातात काकडी. ती तोंडाला लावणार तेवढ्यात मी झडप घातली. तिची आजी किंचाळली ती मनगटासाठी. काकडीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

कळव्याला ज्याच्या मळ्यात मी राबत होते, तिथे त्या काकड्यांवर आदल्या दिवशी मीच पावडर मारली होती. किडे मारायची, उग्र वासाची. फाटक्या लुगड्याच्या तुकड्यात बांधायची आणि वेलांवर झटकत जायचं. घसा जळायचा. सकाळी काकड्या फडक्याने पुसायच्या, म्हणजे पांढरं दिसत नाही. विहिरीजवळचा एक वाफा तेवढा सोडायचा. तो मालकाच्या घरच्यांसाठी. एकदा माझ्याबरोबर राबणाऱ्या जावेने त्यातल्या दोन काकड्या पदरात घेतल्या. मालकाने पदर ओढून त्या खाली पाडल्या.

"तुम्हाला पावडरचं पचतं. घरच्या वाफ्याला हात लावायचा नाही."

आम्ही दोघी हसलो. खोटं कशाला सांगू, लाचारासारख्या हसलो. त्या हसण्याची अजून शरम वाटते.

आणि ही आजी! माझ्या पाटीवर रोज लांबून पाणी शिंपडायची. चार थेंबांत माझा विटाळ गेला, भाजी शुद्ध झाली. अस्पृश्यता कायद्याने गेली म्हणे. त्या मागच्या दाराला कुणी कळवलं नव्हतं. आणि चार थेंबांनी पावडर काय जाते, कपाळ! मला ठाऊक होतं. मी रोज गप्प बसत होते. पण त्या दिवशी लेकरू माझ्यासमोर खाणार होतं.

"बाईसाहेब, इख हाय तिच्यावर. मीच मारलंय काल."

"आधी हात सोड तिचा!"

सोडला. म्हातारीने पोरीला ओढत न्हाणीत नेलं. मी शिवले म्हणून भरदुपारी अंघोळ. पोर रडत होती. मग म्हातारी बाहेर आली, पायरीवर पडलेल्या काकडीवर पाणी शिंपडलं आणि ती घरातल्या टोपलीत टाकली.

माझं डोकंच फिरलं. मी उंबरा ओलांडला, टोपलीतून काकडी काढून घेतली आणि पाटी उचलून चालू लागले. मागून शिव्या येत होत्या. येऊ देत.

सगळी पाटी मी मालकाच्या चुलीपुढे नेऊन ओतली.

"परत का आणलीस?"

"आज ही तुमच्या घरात शिजवा. पोरांना वाढा."

त्याने हात उगारला. मी जागची हलले नाही. हात तसाच खाली आला. काम सुटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी नवी बाई आली. मी कुंपणाबाहेर उभी राहून तिला सगळं सांगितलं. वाफ्याचंही सांगितलं. ती ऐकून काम टाकून निघून गेली. मालक ओरडत आला. उद्या तो तिसरी आणेल. तिलाही सांगेन. कुंपणाबाहेरचा रस्ता त्याच्या बापाचा नाही.