चीर पडलेलं चंचुपात्र

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल सुनेने तापलेलं काचेचं भांडं ओल्या ओट्यावर ठेवलं. ‘टक्’ झालं आणि मी ऐंशीच्या दशकातल्या मुलुंडच्या प्रयोगशाळेत पोचलो.

आमचे शिपाई सावंत चंचुपात्र उजेडात धरून म्हणाले होते, “सर, ह्याका चीर पडली आसा.”

“परीक्षक जिन्यात आहेत. तापवा हो!” मी म्हणालो.

तापलेली काच सगळीकडे सारखी फुगत नाही, हे मीच वर्गात शिकवत असे. आम्लाला बुडबुडे येऊ लागले. सावंत वाकून पाहत होते. टक्.

त्यांचा डोळा गेला. चौकशीत मी लिहिलं, ‘सावंतांनी भांडं तपासलं नव्हतं.’ मग त्यांची नोकरीही गेली.

माफी मागायला एकदा त्यांच्या घरी गेलो. उरलेल्या डोळ्याने ओळखून ते हसले. “सर, चाय घेशात मां?”

मी चहा घेतला आणि परत आलो.