काळ्याचं गुरगुरणं

झंडीमामा घरातसुद्धा झेंड्या जवळ घेऊन बसत. एक लाल, एक हिरवी, दोन्ही धुराने काळपटलेल्या. मी ओसरीतून विचारायची, "मामा, चहा?" तर हा माणूस तोंड उघडायचं सोडून हिरवी हलवायचा. दुसऱ्या कपाला लाल. दुर्गजवळच्या नव्या पोलाद कारखान्याच्या यार्डात ते शंटिंग जमादार होते. डबे जोडायचे, सोडवायचे आणि इंजिनाच्या ड्रायव्हरला झेंडी दाखवायची, हे त्यांचं काम. त्याआधीचा सगळा जन्म नागपूर-दुर्ग लाइनीवर गेलेला. डाव्या हाताला तीनच बोटं होती. गेलेल्या दोन बोटांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टर सहामध्ये, तेव्हा झाडाचं नाव नव्हतं. नुसते नवेकोरे क्वार्टर आणि लाल धूळ. वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी गेरूत बुडवल्यासारखं निघायचं. मी वर्ध्याकडची, लग्न होऊन नुकतीच आलेली. शेजारच्या क्वार्टरात हे विधुर मामा आणि त्यांचा म्हातारा कुत्रा काळ्या. मामा ड्यूटीवर गेले की काळ्या आमच्या ओसरीत पडून असे. मागचा पाय दुखरा, एक कान फाटका, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

मग मीशा आला. कारखाना उभारायला आलेला एक रशियन इंजिनियर आपल्या देशी परत निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने हे पिल्लू आमच्या ह्यांच्या हाती दिलं. लोकरीच्या गुंड्यासारखं आणि महाआगाऊ. आल्या दिवसापासून ते काळ्याच्या मागे लागलं. कान ओढ, शेपटीला लोंबकळ, दुखऱ्या पायावर उडी मार. मला वाटे, छान खेळतायत दोघं.

मामांना तसं वाटत नसे. ड्यूटीवरून आले की ते दोन्ही कुत्र्यांसमोर उकिडवे बसत. खेळ जरा चढला की लाल झेंडी मध्ये धरत आणि मला म्हणत, "मीशाले धरा. आता पाहा, काळ्या आपल्या पायानं येते का. आला तं खेळ, नाही आला तं छळ." काळ्या बहुतेक वेळा येत नसे. मग मामांनी ओसरीच्या कोपऱ्याला आडवी फळी लावली. काळ्याला ती ओलांडता येई, पिल्लाला येत नसे. "म्हाताऱ्याले बी सुट्टी लागते ना," म्हणाले. एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा सांगत, "तो गुरगुरला तं गुरगुरू द्या, सुनबाई. ते त्याची शिट्टी हाय. शिट्टी ऐकली का पिल्लू आपोआप बाजूले होते."

पण त्या दिवसांत आम्हा बायकांचा एकच धर्म होता, दिवसा आवाज करायचा नाही. नाइट शिफ्ट करून आलेला माणूस आत झोपलेला असायचा. आम्ही भांडी गोणपाटावर ठेवायचो, भांडणंसुद्धा हळू आवाजात करायचो. आणि काळ्या नेमका दुपारी गुरगुरायचा, कारण पिल्लूही नेमकं तेव्हाच छळायचं. मग मी लाटणं हातात घेतलं. गुरगुरला की नाकावर एक. महिनाभरात काळ्या गप्प झाला. मला केवढा अभिमान.

"मामा, तुमच्या काळ्याले मी शिकवलं," मी चहा देताना सांगितलं. "आता चूं करत नाही."

मामांचा कप हवेतच राहिला. "कावून?"

"हे झोपून राहते ना दिवसा."

"झोपेपायी शिट्टी नोका काढून घेऊ, सुनबाई."

मी हसले. कुत्र्याची कसली आली शिट्टी. दुसऱ्या दिवसापासून मामा काळ्याला आपल्या घरात बंद करून जाऊ लागले. तो आतून दार खरवडायचा. त्याचाही आवाजच. म्हणून मीच जाऊन कडी काढली. हे लिहितानाही हात थांबतो, पण काढली मीच.

त्या दुपारी फळी मी पुसायला बाजूला ठेवली होती. कोपऱ्यात काळ्या झोपला होता आणि मीशाने थेट त्याच्या दुखऱ्या पायावर झेप घेतली. काळ्याने ओठ वर केला, माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात लाटणं होतं. त्याने ओठ खाली घेतला. मीशाने पुन्हा झेप घेतली आणि काळ्याने आवाज न करता त्याची मान धरली. एकदाच. पिल्लू संध्याकाळपर्यंत टिकलं नाही.

हे उठले, शेजारपाजार गोळा झाला, कुणी काठी आणली. मला पाचवा महिना होता. "उद्या आपलं लेकरू रांगन इथं," हे म्हणाले. "हा राहिला तं मीच याले संपवतो." तेवढ्यात मामा आले. त्यांनी गर्दी हटवली, काळ्याला पोटाशी धरलं आणि मला एवढंच विचारलं, "गुरगुरला व्हता?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला. "आमच्या लाइनीवर एक साहेब डब्यात झोपला व्हता. त्याची झोप मोडन म्हनून ड्रायव्हरनं शिट्टी नाही देल्ली. मी डबे जोडून राहिलो व्हतो." मग हात खाली घेतला. रागावले असते तर सोसलं असतं. रागावले नाहीत.

आठवड्याभरात मामांनी क्वार्टर सोडला आणि काळ्याला घेऊन काही कोसांवरच्या उतई गावी बहिणीकडे गेले. त्या वयात रोज सायकलने ड्यूटीला येत. सुपेल्याच्या बाजारात कधी भेटत. मी मान खाली घालून विचारायची, "गुरगुरला?" ते तीन बोटांचा हात आडवा हलवायचे. नाही. रोज काळ्या खात असताना ते त्याच्या ताटलीकडे हात नेत आणि त्याचा ओठ जरासा हलला की मागे घेत, असं सांगायचे. "त्याले पटलं पायजे का शिट्टी देल्ली तं गाडी थांबते. तवाच तो मानसात राहू शकन."

त्या हिवाळ्यात मामा तापाने गेले. माझी मुलगी तेव्हा तान्ही होती, म्हणून कळायलाही उशीर झाला. मी तिला शेजारणीकडे ठेवून उतईला गेले. त्यांच्या बहिणीने मला आत नेलं. खाट उभी करून ठेवलेली. तिच्या पायथ्याशी काळ्या, मामांच्या ड्यूटीच्या कोटावर पडलेला. शेजारी दोन्ही झेंड्या. "भाऊ गेल्यापासून इथून हालत नाही," बहीण म्हणाली.

मी खाली बसले आणि लाल झेंडीकडे हात नेला. तीच एक आठवण म्हणून मागावी, असं मनात होतं.

काळ्या गुरगुरला. अगदी हळू, घशातल्या घशात, डोळे माझ्या हातावर ठेवून.

मी हात मागे घेतला. तो थांबला, आणि त्याने हनुवटी पुन्हा कोटावर टेकवली. मी रडत होते आणि खोलीत मामांना शोधत होते. मला त्यांना सांगायचं होतं, मामा, त्याने शिट्टी दिली आणि मी थांबले.