सगळी वाढ

आमचे हे सौर प्रकल्पावर काचा पुसायला होते. भर उन्हात उभं राहून काचा पुसायच्या, पण रुबाब असा, की जणू सूर्यच ह्यांच्या हाताखाली कामाला. एक दिवस मात्र घरी आले ते तोंड पाडून. मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं, या विजेचा वापर वाढला की देशाची वाढ होते. तपासणीला माणसं येतील, वस्तीत वाढ दिसली तर प्रकल्प चालू, नाहीतर कुलूप.

झालं! दुसऱ्या दिवसापासून घरात नुसता धुमाकूळ. रिकामा मिक्सर घरघरतोय, फ्रिजचं दार सताड उघडं, इस्त्री केलेल्या कपड्यांवर परत इस्त्री. मी ओरडले, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? माझ्या विजेच्या शेगडीला एक तरी प्लग मोकळा ठेवा!"

"तुला स्वयंपाकाचं पडलंय? इथे देश वाढायचा थांबलाय!"

कपाळ माझं! शेवटी माळ्यावरची जुनी गॅसची शेगडी काढली.

तपासणीचे साहेब दोन मदतनीस घेऊन आले ते नेमके जेवणाच्या वेळी. मिक्सरच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येईना. साहेब दारातूनच ओरडले, "वाढ! वाढ कुठंय?"

मला तेवढं "वाढ!" ऐकू आलं आणि अशी तिडीक आली! ओळख ना पाळख, आणि सरळ अगंतुगं? पण ह्यांच्या नोकरीचा प्रश्न. राग गिळला, ताटं मांडली आणि वाढलं. साहेबांनी ताटाकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि बसले. मागून मागून भात घेतला तिघांनी. हे कोपऱ्यात हात जोडून उभे. चेहरा इतका खुललेला, की मलाच गलबलून आलं.

हात धुताना साहेब म्हणाले, "वाढ उत्तम आहे. शिजवलं कशावर?"

"गॅसवर. प्लग कुठे मोकळा होता?"

साहेब हळहळले. "अरेरे! म्हणजे वीज आहे, वाढ आहे, पण दोन्हींचा एकमेकींशी संबंधच नाही." ढेकर दिली आणि गेले.

संध्याकाळी प्रकल्पाला कुलूप लागल्याचा निरोप आला. हे घरभर फिरून एकेक बटण बंद करत गेले. शेवटी पंखा थांबला. घर इतकं गप्प झालं, की मला रडू फुटलं.

"सकाळपासून पोटात काही नाही गं," हे म्हणाले आणि ताट घेऊन बसले. "वाढ."

मी पातेल्यात डाव घातला. तो तळाला नुसताच खरखरला. सगळं साहेब खाऊन गेले होते.