जीभबाई आणि वरची कवळी

हॉटेलच्या स्वयंपाकघरात तिला सगळे जीभबाई म्हणत, आणि त्याला कारणं दोन. एक तर तेहतीस वर्षं तिनं चाखल्याशिवाय तिथला एकही सॉस बाहेर गेला नाही. दुसरं म्हणजे त्याच जिभेनं तिनं पाच मोठ्या शेफना पाणी पाजलं. उंच टोप्या घालून माणसं यायची, फ्रेंच नावं घशातून काढायची, आणि आठवड्याभरात चमचा घेऊन तिच्यापुढे उभी राहायची.

"बघा ना जरा, काय कमी आहे?"

"अक्कल," ती म्हणायची, आणि चिमूटभर मीठ टाकायची.

कागदावर मात्र ती शेवटपर्यंत 'मदतनीस' राहिली. निरोपाच्या दिवशी तिला एक उंच टोपी दिली. ती कानांवर उतरत होती. टोपीखालून जीभबाई म्हणाली, "डोकं कुणाचं मोजलं होतं?"

सत्तरी उलटली आणि दातांनी एकेक करून राजीनामे दिले. दोन गल्ल्या पलीकडे एक कवळीवाला होता. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, माणूस हळू बोलणारा आणि कामाला चोख. त्यानं वरची-खालची कवळी बसवली आणि बजावलं, "पहिले दोन महिने खाता-पिताना काढायची नाही. सवय लागू द्या."

जीभबाई घरी आली, जेवायला बसली, आणि पहिल्याच घासाला थांबली. पुठ्ठा. दुसरा घास, ओला पुठ्ठा.

तिच्याबरोबर तिची धाकटी बहीण राहायची. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, दारूच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडणारी. पुढचे तीन आठवडे हाल झाले ते तिचे. जीभबाई चवीच्या शोधात मिठाचा डबा उपडा करू लागली.

"ताई, हे सूप आहे की समुद्र?"

"तुला काय कळतंय!" जीभबाई खेकसली. पण त्याच दुपारी धाकटी वामकुक्षी घेत असताना ती ओट्यापाशी उभी राहिली. एका चमच्यात लिंबाचा रस, एकात मोहरीची पेस्ट, एकात लोणी. डोळे मिटून एकेक चमचा तोंडात घातला. आंबट कळलं, तिखट कळलं, पण लांबून कळलं, भिंतीपलीकडे कुणी भांडत असावं तसं. तिनं मनगटानं डोळे पुसले. दात गेले तेव्हा ती रडली नव्हती.

ती कवळीवाल्याकडे चार वेळा गेली. तीनदा त्यानं कानस फिरवली. चौथ्यांदा तो संकोचून म्हणाला, "आजी, कवळी अगदी बरोबर बसलीय. चवीचं म्हणाल तर... वय झालं की थोडं कमी होतंच."

"आजी कुणाला म्हणता? आणि वय झालं असेल तुमच्या त्या जबड्यांचं! रविवारी दुपारी जेवायला या. पांढऱ्या वाइनमधली कोंबडी करते, फ्रेंच पद्धतीची. हजार वेळा केलीय. तुमच्या कवळीनं खाते आणि तुमच्यासमोर सांगते दोष कुणाचा."

रविवारी सकाळी ती कामाला लागली. तंगड्या आणि मांड्या फडक्यानं टिपून खडखडीत कोरड्या केल्या. ओली कोंबडी भाजत नाही, नुसती रडते. जाड बुडाच्या भांड्यात लोणी आणि थोडं तेल, त्यात कातडीची बाजू खाली, आणि मग हात लावायचा नाही. कातडी सोनेरी होऊन आपण होऊन सुटली तेव्हा तुकडे बाहेर काढले आणि त्याच चरबीत छोटे कांदे, लसूण आणि मशरूम परतले. वर चमचाभर मैदा भुरभुरला. मग बाटली उचलली.

"अगं, अख्खी ओततेस?" दारातून धाकटी ओरडली.

"अर्धी. उरलेली स्वयंपाकिणीची."

"मी नाही बाई खाणार दारूतलं."

"उकळली की दारू वाफेबरोबर वर जाते."

"वर म्हणजे कुठं?"

"देवाकडे. म्हणून तर तो कुणाचं ऐकत नाही."

भांडं फुत्कारलं. तळाला धरलेला तांबूस थर तिनं लाकडी उलथन्यानं खरवडून वाइनमध्ये विरघळवला, वाइन आटवून निम्मी केली, तुकडे परत ठेवले, तमालपत्र आणि कोंबडीच्या हाडांचं पाणी घातलं, झाकण लावलं आणि आच अगदी मंद केली. पाऊण तासानं मांस हाडापासून सुटायला लागलं. साय घातली, थोडी मोहरीची पेस्ट घातली आणि चमचा तोंडाला लावला.

गरम. ओलं. बाकी काही नाही.

तिनं चमचा पुन्हा बुडवून तोंडात घातला. तेवढ्यात कांद्याची एक कढत पाकळी वरच्या कवळीखाली शिरली आणि टाळू चरचरली. जीभबाईनं शिवी हासडून कवळी ओढून काढली, बशीत आदळली आणि रागारागानं तोच चमचा पुन्हा चाटला.

द्राक्षाचा आंबटपणा आधी आला. मागोमाग लोणी, मग तमालपत्र, आणि सगळ्यात शेवटी जे नव्हतं तेही कळलं: मीठ कमी होतं आणि लिंबाचे दोन थेंब हवे होते. ती स्टुलावर बसली. डोळे भरून आले.

घंटा वाजली. तिनं तशीच, वरच्या कवळीविना, जाऊन दार उघडलं. "या, या! थापडलं!"

"काय सापडलं?" कवळीवाला बुटांकडे बघू लागला.

तिनं त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. केकच्या साच्याला लावायच्या कागदाचा एक गोल तुकडा कापला. "टाळूला लावा. हं, आता चाखा. आता कागद काढा आणि चाखा."

त्यानं चाखलं. पुन्हा चाखलं. कान लाल झाले. "टाळू झाकली की चव कमी लागते, हे पुस्तकात वाचलं होतं," तो हळूच म्हणाला. "पण चौदा वर्षांत तक्रार घेऊन कुणी आलं नाही."

"बाकीच्यांना घरचं जेवण आवडत नथेल. त्यांची थोयच झाली."

तो हसला, मग गंभीर झाला. "मधला भाग कापून देतो. पण पकड कमी होईल, कवळी हलेल."

"हलू दे."

मीठ आणि लिंबू घालून ती कोंबडी टेबलावर आली. कवळीवाल्यानं दोनदा घेतली. धाकटीनं "नुसता रस्सा बघते" म्हणत पावाच्या चार तुकड्यांनी ताटली इतकी लख्ख पुसली की घासायची गरज उरली नाही. जीभबाईनं चावताना कवळी घातली, रस्सा पिताना काढली, आणि पाहुण्यासमोर असं करू नये हे धाकटीनं डोळ्यांनी तीनदा सांगितलं ते तिनं पाहिलंच नाही.

पुढच्या आठवड्यात नवी कवळी तयार झाली, मध्ये मोकळी, घोड्याच्या नालेसारखी. बोलताना जराशी टकटक वाजायची. कवळीवाल्यानं ती बसवली आणि पेशंटसाठी ठेवलेल्या बरणीतलं बिस्कीट पुढे केलं. जीभबाईनं ते सावकाश चावलं. तो श्वास रोखून बघत होता.

"चव लागतेय?"

"लागतेय ना," ती म्हणाली. "महिनाभर शिळं आहे. आणि ही बरणी आधी लोणच्याची होती."